राष्ट्रीय सभेआधीची पक्षिसभा

भारतीय राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव शालेय पाठ्यपुस्तकांमुळे घराघरांत पोहोचले आहे. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याला ७२ प्रतिनिधी उपस्थित होते आणि व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र या अधिवेशनाच्या दहा वर्षे आधी हेच ह्यूम कोकण किनाऱ्यावरच्या वेंगुर्ल्यासमोरील ओसाड खडकांवर समुद्रपक्ष्यांचा शोध घेत फिरत होते, हे फारसे कोणाला माहीत नसते. राजकारणात येण्यापूर्वी या माणसाने देशभरातील पक्षिनिरीक्षकांची एक सभाच जणू उभी केली होती. त्या सभेला ना अध्यक्ष होता, ना ठराव. होते ते केवळ पत्रव्यवहार, टिपणे आणि एक नियतकालिक. तिचे काम मात्र आजही उपयोगी पडते आहे. एखादा दुर्मीळ सुरय पक्षी किनाऱ्यावर दिसला, तो किती संख्येने दिसला, पूर्वी दिसत होता का, असे प्रश्न पडले की अभ्यासकांना ह्यूम यांच्या पानांकडे वळावे लागते.

ह्यूम यांचा जन्म जून १८२९ मधला. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश संसदेतील जहाल सुधारणावादी सदस्य म्हणून गाजलेले होते. सरकारी खर्चाचा पै न् पै हिशेब मागणारा खासदार अशी त्यांची ख्याती होती. वडिलांचा फटकळपणा आणि हिशेबीपणा दोन्ही मुलात पुरेपूर उतरले. हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात शिक्षण आणि लंडनमध्ये काही काळ वैद्यकाचा अभ्यास करून १८४९ साली ते भारतात आले. पुढे उत्तर भारतातील इटावा जिल्ह्यात त्यांची नेमणूक झाली आणि तेथेच त्यांच्या कारकिर्दीला आकार आला.

इटाव्यात त्यांनी गावोगावी मोफत शाळा काढल्या. दारूवरील कराच्या उत्पन्नावर सरकारने तिजोरी भरावी, हे त्यांना मान्य नव्हते. १८५७ च्या उठावात त्यांना आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. परत आल्यावर इंग्रजी अंमल पुन्हा बसविण्यात त्यांचा हात होता, ही गोष्ट विसरता येत नाही. परंतु आजूबाजूच्या जिल्ह्यांत सूडाचे थैमान चालू असताना त्यांनी फाशीची शिक्षा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच दिली. उठावाचे खापर लोकांवर फोडण्याऐवजी कारभारातील चुकांवर बोट ठेवण्याचे धाडसही त्यांनी दाखविले. १८५९ मध्ये त्यांच्या प्रोत्साहनाने 'लोकमित्र' हे वृत्तपत्र निघू लागले. इटावा शहरातील एक बाजारपेठ पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

पक्ष्यांचा छंद त्यांना याच काळात जडला. त्या काळी हिंदुस्थानात नोकरीस आलेल्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना शिकारीचा षोक असे. सावज मारून मेजवानी झोडली की तो संपे. ह्यूम यांचे वेगळेपण असे, की मारलेल्या प्रत्येक पक्ष्याचे मोजमाप, ठिकाण, तारीख, चोच आणि पाय यांचा रंग हे सारे ते लिहून ठेवीत. जिल्ह्याच्या महसुलाचा ताळेबंद ठेवणारा हा कलेक्टर पक्ष्यांचाही ताळेबंद ठेवू लागला.

१८६७ मध्ये ते सीमाशुल्क खात्याचे आयुक्त झाले. मिठावरील कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानातून मध्य प्रांतापर्यंत शेकडो मैल लांबीचे काटेरी कुंपण घातले होते. या कुंपणाची देखरेख ह्यूम यांच्याकडे आली. त्यानिमित्ताने घडलेल्या भ्रमंतीत त्यांचा संग्रह वाढत गेला. १८७१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी महसूल, शेती व व्यापार असे नवे खाते निर्माण केले आणि त्याचे सचिवपद ह्यूम यांना मिळाले. कार्यालय कलकत्ता आणि सिमला अशा दोन ठिकाणी असल्याने संग्रहालाही घर हवे होते. सिमल्याच्या जाखू टेकडीवरील 'रॉथनी कॅसल' हे निवासस्थान पाहता पाहता पक्ष्यांचे खासगी संग्रहालय बनले.

एवढ्या मोठ्या देशातील पक्ष्यांची माहिती एका माणसाला गोळा करता येणार नाही, हे ह्यूम यांनी लवकर ओळखले. थॉमस जर्डन यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला होता आणि तोच तेव्हाचा आधार होता. पण कोणता पक्षी कोठे, कोणत्या महिन्यात, किती संख्येने आढळतो, याविषयी अनेक प्रांत अगदी कोरे होते. तेथे कोणी ना कोणी इंग्रज डॉक्टर, रेल्वेचा अभियंता, वनाधिकारी, मिशनरी किंवा लष्करी अधिकारी राहत होताच. अशा माणसांना हाताशी धरायचे, त्यांना काय पाहायचे आणि कसे लिहायचे ते शिकवायचे, असा चंग ह्यूम यांनी बांधला. १८७२ च्या अखेरीस त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' म्हणजे 'विखुरलेली पिसे' या नावाचे नियतकालिक सुरू केले. १८७४ मध्ये संग्राहकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. मोजमाप कसे घ्यावे, कातडे कसे टिकवावे, चिठ्ठीवर काय लिहावे, याचे धडे तीत होते. नियतकालिकाचे ११ खंड १८८८ पर्यंत निघाले. चूक करणाऱ्यांवर संपादक तुटून पडत आणि स्वतःची चूक आढळली तर तीही छापून मोकळे होत. समकालीनांनी त्यांना भारतीय पक्षिशास्त्राचे पोप म्हटले. या पदवीत कौतुक होते आणि थोडा टोमणाही होता!

महाराष्ट्राच्या दृष्टीने या नियतकालिकाचे महत्त्व मोठे आहे. अहमदनगर जिल्ह्यात काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातील पक्ष्यांची यादी १८७६ मध्ये त्यात दिली. जेम्स डेव्हिडसन आणि वेंडन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला. मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८० मध्ये दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी कॅप्टन बटलर यांनी मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागाची सूची तयार केली. हे सारे लोक आपापल्या ठिकाणी एकटे होते. ह्यूम नसते, तर त्यांच्या वह्या त्यांच्याबरोबरच संपल्या असत्या.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी होती. जमिनीवरचे पक्षी बंगल्याच्या आवारात किंवा दौऱ्यावर दिसतात. समुद्रावरच्या पक्ष्यांसाठी जहाज लागते, ऋतू साधावा लागतो आणि नशीबही लागते. त्यातही सुरय हा ओळखायला अवघड पक्षी. इंग्रजीत त्याला टर्न म्हणतात. बांधा सडपातळ, पंख लांब आणि टोकदार, बहुतेक जातींची शेपटी दुभंगलेली. पाठ राखाडी, पोट पांढरे आणि विणीच्या हंगामात डोक्यावर काळी टोपी. बहुतेक जाती या एकाच साच्यातल्या. हंगाम सरला की काळी टोपी विरळ होते, चोचीचा रंग बदलतो, पिल्ले आणखी निराळी दिसतात. हवेत तरंगत, क्षणात पाण्यात सूर मारणाऱ्या या पक्ष्याच्या दोन जातींतला फरक कधी पंखाच्या टोकाशी असलेल्या तीन-चार पिसांवर अवलंबून असतो. म्हणूनच आजही किनाऱ्यावरच्या गणनेत अनेक सुरय जातीच्या रकान्यात न बसता नुसतेच सुरय म्हणून नोंदले जातात.

ह्यूम यांनी हे आव्हान स्वीकारले. १८७१-७२ च्या हिवाळ्यात त्यांनी सिंधचा दौरा केला. सिंधू नदीच्या मुखाकडचा प्रदेश, कराची बंदर आणि पुढे मकरानचा किनारा त्यांनी पाहिला. त्या समुद्रावर मिळालेल्या एका पाणपक्ष्याला त्यांनी १८७२ मध्ये नवी जात म्हणून नाव दिले. तो आज पर्शियन शिअरवॉटर या नावाने ओळखला जातो. १८७३ मध्ये फर्डिनांड स्टोलिझ्का यांच्यासारख्या निसर्गशास्त्रज्ञांसह त्यांनी अंदमान-निकोबारची सफर केली. त्यानंतर १८७५ च्या आरंभी ते पश्चिम किनारा आणि लक्षद्वीपकडे निघाले.

लक्षद्वीप म्हणजे प्रवाळांची बेटे. मध्ये उथळ, निळेशार खाजण आणि भोवती प्रवाळाचे कडे, अशी त्यांची रचना असते. या खाजणांत मासळी विपुल. उघड्या वाळूच्या पट्ट्यांवर माणसाचा वावर कमी. त्यामुळे समुद्री सुरयांना राहण्यास आणि वीण करण्यास अशा जागा सोयीच्या असतात. यांपैकी पिट्टी नावाचे वाळूचे छोटेसे बेट आज पक्षी अभयारण्य म्हणून प्रसिद्ध आहे. ह्यूम यांनी या प्रवासाचा सविस्तर वृत्तान्त १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'च्या चौथ्या खंडात दिला. तोवर लक्षद्वीपच्या पक्ष्यांविषयी शास्त्रीय माहिती जवळजवळ नव्हतीच.

याच प्रवासात फेब्रुवारी महिन्यात ते वेंगुर्ला रॉक्सवर उतरले. बर्न्ट आयलंड्स या नावानेही ओळखले जाणारे हे खडक आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर, भर समुद्रात आहेत. झाड नाही, गोड्या पाण्याची सोय नाही, चढायला धड जागा नाही. खडकातील गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. चीनमध्ये या घरट्यांचे सूप करीत असल्याने त्यांना मोठी किंमत येते. म्हणून तेथे चोरांचाही डोळा असतो. उन्हाळा सरता सरता याच खडकांवर सुरय पक्षी वसाहत करून अंडी घालतात. ह्यूम पोहोचले तेव्हा विणीचा हंगाम नव्हता. पण आदल्या हंगामाची खूण मागे उरली होती. खाऱ्या वाऱ्यात सुकून गेलेली सुरयांची कलेवरे खडकांवर पडून होती. दुसरा कोणी असता, तर पक्षी दिसले नाहीत म्हणून परत फिरला असता. ह्यूम यांनी ती कलेवरे तपासली आणि कोणत्या जाती येथे राहून जात असाव्यात, याचा अंदाज बांधला. जिवंत पक्षी न पाहता त्याच्या वसाहतीची नोंद करणारी ही भारतीय पक्षिशास्त्रातील एक विलक्षण भेट म्हणावी लागेल.

या नोंदीचा खरा उपयोग पुढे झाला. कोणत्या खडकावर, कोणत्या महिन्यात जावे, याचा पत्ता ह्यूम यांनी लिहून ठेवला होता. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी पुढे वेंगुर्ल्याचे खडक गाठले आणि तेथील सुरय व पाकोळ्यांवरील त्यांचा लेख १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यानंतरच्या पिढ्यांतील महाराष्ट्राच्या अभ्यासकांनीही तेथे जाऊन काळपट पाठीचा ब्रायडल्ड टर्न आणि तुरेवाल्या सुरयांची पाहणी केली. जवळजवळ दीडशे वर्षांची ही साखळी एका फेब्रुवारीतील टिपणापासून सुरू होते. पूर्वी काय होते हे ठाऊक नसेल, तर आज काय कमी झाले हे सांगता येत नाही.

सुरयांच्या अभ्यासात ह्यूम यांचे नाव कायमचे कोरले गेले ते १८७७ मध्ये. किनाऱ्यावर लहान सुरय, म्हणजे लिटल टर्न, सगळ्यांच्या ओळखीचा होता. पिवळी चोच, पांढरे कपाळ, चिमणीपेक्षा थोडे मोठे अंग. सिंधच्या किनाऱ्यावरचे काही पक्षी मात्र हुबेहूब तसेच असूनही तसे नव्हते. कपाळावरचा पांढरा पट्टा भुवईसारखा मागे ओढलेला नसून डोळ्यापाशीच बोथट थांबत होता. पंखाच्या टोकाची पिसे अधिक काळी, शेपटीच्या वरचा भाग राखाडी, पाय मळकट. हे फरक इतके बारीक, की नमुना हातात घेतल्याशिवाय लक्षात येऊ नयेत. ह्यूम यांनी ही जात वेगळी ठरविली आणि कुरव व सुरय पक्ष्यांचे इंग्लंडमधील जाणकार हॉवर्ड साँडर्स यांचे नाव तिला दिले. साँडर्स टर्न म्हणून ती आज जगभर मान्य आहे. अरबी समुद्राच्या किनाऱ्यांवर ती आढळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही तिच्या नोंदी आहेत. विणीच्या हंगामाबाहेर मात्र ती ओळखणे आजच्या उत्तम दुर्बिणी आणि कॅमेरे असूनही कठीण जाते. वाळूवर विसावलेल्या थव्यात अशी एखादी सुरय आहे की नाही, यावर पक्षिमित्रांची तासन्‌तास चर्चा रंगते. तो वाद मिटविण्यासाठी आजही तीच लक्षणे तपासली जातात.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळी पक्षी पाहणे म्हणजे पक्षी मारणे होते. दुर्बिणी साध्या होत्या, छायाचित्रण बाल्यावस्थेत होते. बारीक फरक ठरवायचे, तर पक्षी हातात हवा आणि एकाच जातीचे नर, मादी, पिल्लू, हिवाळी पेहराव असे अनेक नमुने हवेत. ह्यूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बंदुकांनी हजारो पक्षी टिपले. आजच्या दृष्टीने हा संहारच. पुढे थिऑसॉफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले आणि पक्षी मारणेही त्यांनी सोडले. नोंदीची शिस्त त्यांच्याकडून घ्यावी आणि बंदूक त्यांच्या काळातच सोडून द्यावी, हे नंतरच्या पिढ्यांनी केले, ते योग्यच झाले.

सरकारदरबारी मात्र त्यांचे दिवस फिरले. शेती सुधारायची तर शेतकऱ्याला कर्जाच्या विळख्यातून सोडविले पाहिजे, शेतीखात्यात जाणकार माणसे हवीत, असे ते सतत मांडत. १८७९ मध्ये शेतीसुधारणेवर त्यांनी पुस्तिकाही लिहिली. वरिष्ठांची धोरणे पटली नाहीत, तर ते स्पष्ट बोलत. लॉर्ड लिटन यांच्या राजवटीत हा फटकळपणा महागात पडला. त्याच वर्षी त्यांना सचिवपदावरून दूर करून अलाहाबादच्या महसूल मंडळावर पाठविण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. आता सर्व वेळ पक्ष्यांना द्यायचा आणि भारतीय पक्ष्यांवरचा सर्वंकष ग्रंथ लिहून काढायचा, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी सुमारे पंचवीस वर्षांची टिपणे रॉथनी कॅसलमध्ये साठली होती.

पण तो ग्रंथ कधीच झाला नाही. १८८३ च्या सुमारास हिवाळ्यातील मुक्काम आटोपून ते सिमल्याला परतले, तेव्हा टिपणांचे गठ्ठे जागेवर नव्हते. घरातील एका नोकराने ते रद्दी म्हणून बाजारात विकून टाकले होते. दुकानदारांनी पाने पुड्या बांधण्यासाठी वापरली. एका माणसाचे आयुष्यभराचे काम सिमल्याच्या बाजारात मीठमसाल्याबरोबर घरोघरी गेले! त्यातच मुसळधार पावसात टेकडी खचून संग्रहालयाचीही हानी झाली. ह्यूम यांचे मन या धक्क्यातून सावरले नाही. पक्षिशास्त्रावरून त्यांचे लक्ष उडाले ते कायमचे.

उरलेला संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो नेण्यासाठी म्युझियमचे रिचर्ड बाउडलर शार्प १८८५ मध्ये स्वतः सिमल्याला आले. देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्यांत भरून हा खजिना रवाना झाला. त्यात पक्षी, अंडी आणि घरटी मिळून सुमारे ८२ हजार नमुने होते. एका खासगी व्यक्तीने दिलेला पक्ष्यांचा एवढा मोठा संग्रह म्युझियमने पूर्वी पाहिला नव्हता.

याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय सभा भरली. हा योगायोग असला, तरी दोन्ही कामांच्या पद्धतीतील साम्य नजरेत भरते. मार्च १८८३ मध्ये ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना अनावृत पत्र लिहून देशकार्यासाठी पुढे येण्याचे आवाहन केले. नंतरची दोन वर्षे त्यांनी प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांशी पत्रव्यवहार केला. आपापल्या गावी एकटे काम करणारे वकील, संपादक, शिक्षक त्यांनी एका धाग्यात गुंफले. पहिले अधिवेशन पुण्याला व्हायचे होते. तेथे पटकीची साथ आल्याने ते मुंबईला हलवावे लागले. पक्ष्यांसाठी त्यांनी जे केले, तेच माणसांसाठी केले. ठिकठिकाणी विखुरलेल्यांची सांगड घालणे, हीच त्यांची खरी हातोटी होती.

मुंबईतही तेव्हा असेच एक काम उभे राहत होते. सप्टेंबर १८८३ मध्ये आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर त्यांत होते. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले आणि 'स्ट्रे फेदर्स' बंद पडल्यावर देशभरच्या पक्षिनिरीक्षकांना तेच व्यासपीठ मिळाले.

ह्यूम यांनी स्वतःजवळ राखून ठेवलेली टिपणे रद्दीत गेली. जे छापून लोकांना वाटले आणि जे नमुने संग्रहालयाच्या स्वाधीन केले, ते मात्र टिकले. याची प्रचिती पुढे अनेकदा आली. १८७३ मध्ये त्यांनी वर्णन केलेला रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणालाच मिळाला नव्हता. शेवटचे नमुने जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातून गोळा केलेले. १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळाल्याचा रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा दावा होता. पण तो नमुना संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून पुढे केलेला निघाला. या खोट्या नोंदीमुळे शोध घेणारे भलत्याच दिशेला भटकले असते. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या जंगलात ११३ वर्षांनी रानपिंगळा शोधून काढला. १८६७ मध्ये सतलज खोऱ्यात ह्यूम यांना मिळालेला एक वटवट्याही असाच. मोठ्या चोचीचा तो एकमेव नमुना अनेक दशके कोडे होऊन राहिला. २००६ मध्ये थायलंडमध्ये तसा जिवंत पक्षी सापडला आणि ह्यूम यांच्या नमुन्याशी डीएनए जुळवून त्याची ओळख पटविण्यात आली.

सुरयांच्या बाबतीत या जुन्या नोंदींचे मोल आणखी कडवट आहे. काळ्या पोटाची सुरय ही समुद्रावरची नव्हे, नद्यांवरची. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की नदीपात्रातील वाळूच्या बेटांवर ती अंडी घालते. एकोणिसाव्या शतकात जर्डन आणि ह्यूम यांच्या पिढीला ती हिंदुस्थानच्या नद्यांवर सहज दिसणारी, विशेष दखल घेऊ नये इतकी सामान्य वाटे. आज ती जगातील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. विदर्भातील नद्यांचेच उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. अशा नद्यांची रुंद, वाळवंटी पात्रे हीच नदीवरच्या सुरयांची घरे असतात. वाळूचा उपसा, धरणांतून अवेळी सोडले जाणारे पाणी, पात्रात होणारी लागवड आणि भटकी कुत्री यांनी देशभर ही घरे हिरावून घेतली. एका हंगामात घरटी वाहून गेली, तर पक्षी पुन्हा प्रयत्न करतो. दरवर्षीच वाहून गेली, तर वसाहत संपते. तेव्हाच्या माणसांनी सामान्य पक्ष्याचीही नोंद केली, म्हणून आज त्याचे नाहीसे होणे निदान कळते तरी.

हिवाळ्यात देशभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चालू असलेली आशियाई पाणपक्षी गणना मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या बळावर चालते. त्यांत बँकेत नोकरी करणारे असतात, शिक्षक असतात, महाविद्यालयीन मुले असतात. पहाटे खाडीवर किंवा तलावाच्या बांधावर उभे राहायचे, थव्याचे अंदाजे भाग पाडून आकडा काढायचा, शंका असेल तेथे शंका आहे असे प्रामाणिकपणे लिहायचे आणि नोंद सर्वांसाठी खुली करायची, अशी त्यांची रीत. ह्यूम यांनी आपल्या सहकाऱ्यांकडून मागितले होते, ते जवळजवळ हेच. दुर्मीळ सुरय दिसल्याचा आनंद सर्वांनाच होतो. पण त्या दिवशी तेथे किती साधे सुरय होते, हा आकडा भावी अभ्यासकाला अधिक उपयोगी पडेल.

ह्यूम १८९४ मध्ये भारत सोडून इंग्लंडला परतले. राष्ट्रीय सभेचे काम ते तेथूनही अनेक वर्षे पाहत राहिले. पक्ष्यांकडे पुन्हा न वळता उतारवयात त्यांनी वनस्पतींचा ध्यास घेतला. इंग्लंडातील रानफुले गोळा करून त्यांचा संग्रह केला आणि सामान्य कामकरी माणसालाही वनस्पतिशास्त्र शिकता यावे म्हणून १९१० मध्ये साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. ती संस्था आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी विल्यम वेडरबर्न यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यात त्यांच्या राजकीय कार्याला अर्थातच मोठे स्थान मिळाले आणि पुढे लोकांच्या स्मरणातही तेच उरले.

त्यांच्या पक्षिसभेचे स्मारक कोठे उभारलेले नाही. मात्र वेंगुर्ल्याच्या खडकांवर दर विणीच्या हंगामात सुरय परत येतात आणि कोकणच्या एखाद्या वाळूच्या दांड्यावर साँडर्स टर्न बाकीच्या थव्यात बेमालूम मिसळून बसलेली असते. ती ओळखून, मोजून, तारीख-ठिकाणासह नोंदविणारा प्रत्येक पक्षिमित्र त्या जुन्या सभेचा सभासदच ठरतो.